विलायतेतल्या रेडिओचा एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की स्त्रीशिक्षण, बालसंगोपन असे काहीतरी भारदस्त बोलावे अशी रीत आहे. मी मात्र आज तुम्हांला रेडिओ ऐकवणार आहे, आणि तोही परका. १९५० सालाच्या पुढेमागे इंग्लंडातल्या एखाद्या साध्यासुध्या घरात, कामाच्या दिवशी सकाळी रेडिओची कळ फिरवल्यापासून रात्री ती बंद करीपर्यंत काय काय कानांवर पडत असे, ते सांगणार आहे. असला दिवस मांडायला फारशी खटपट पडत नाही. ‘रेडिओ टाइम्स’ नावाचे कार्यक्रमपत्रक तिथे १९२३ पासून निघत आले आहे. पन्नाशीच्या दशकात आठवड्याला त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपत, आणि ते जुने तक्ते बीबीसीने आता संगणकावर सर्वांना खुले करून दिले आहेत. दुपारी जेवणे आटोपली की मी ते वाचत बसते. कोणी कादंबरी वाचते, मी सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या मंगळवारी सव्वाचारला काय लागले होते ते वाचते!

आधी त्या यंत्राची ओळख करून देते. लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, आणि काचेच्या पट्टीवर दूरदूरच्या गावांची नावे. कळ फिरवली की लगेच आवाज येत नसे. आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट वाट पाहावी लागे. ज्या घरांत वीज नव्हती तिथे रेडिओ बॅटरीवर चाले, आणि काचेच्या बरणीतली ती अ‍ॅसिडची बॅटरी भरून आणायला पोरांना दुकानात पिटाळत. रेडिओ ठेवायचा परवाना वर्षाला एक पौंड. जाहिराती बीबीसीवर नव्हत्या.

कार्यक्रम तीन प्रकारचे. होम सर्व्हिस म्हणजे घरातले वडीलधारे माणूस: बातम्या, भाषणे, नाटके, प्रार्थना. १९४५ च्या जुलैत सुरू झालेला लाइट प्रोग्रॅम म्हणजे थट्टेखोर धाकटा दीर: गाणी, विनोद, रोजच्या गोष्टी. आणि १९४६ च्या सप्टेंबरात आलेला थर्ड प्रोग्रॅम म्हणजे विद्वान पाहुणा. हा पाहुणा संध्याकाळी सहाच्या आत कधी उंबरठा ओलांडीत नसे, आणि एकदा बोलायला लागला की मध्यरात्रीपर्यंत उठत नसे.

दिवस उजाडे तो ग्रिनिचच्या वेळेच्या सहा बारीक सुरांनी. हे सूर १९२४ पासूनचे. सगळ्या देशाने त्यांवर आपापली घड्याळे लावावीत, नवऱ्याने चहा घशाखाली ओतून गाडी गाठावी. मग बातम्या आणि हवामान. आठला दहा कमी असताना पाच मिनिटांचे चिंतन. आपण सकाळी भक्तिगीते लावतो त्यातलाच प्रकार, फक्त सूर कमी आणि उपदेश जास्त. बातम्या वाचणारा आवाज अर्थातच पुरुषाचा. ही गोष्ट जरा ध्यानात ठेवा. माझ्या भाषणाचा खरा धागा तोच आहे.

नवरा कामावर, मुले शाळेत, आणि ओट्यावर उष्ट्या बशांचा ढीग. अशा वेळी, नऊ वाजून गेले की लाइट प्रोग्रॅमवर ‘हाउसवाइव्ज चॉइस’ लागे. १९४६ ते १९६७ अशी एकवीस वर्षे तो चालला. बायकांनी पोस्टकार्ड टाकून गाणे मागायचे आणि ते वाजवायचे, आपल्या ‘आपली आवड’सारखेच. कार्डांचा पाऊस पडे. तबकड्या लावून मध्ये मध्ये गोड बोलणारे निवेदक मात्र बहुतेक पुरुष. त्यांतले जॉर्ज एलरिक तर कार्यक्रमाच्या सुरावटीवर स्वतःच गुणगुणत, आणि बायकांना तेच फार आवडे.

साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. यामागे युद्ध आहे. १९४० च्या जूनमध्ये, फ्रान्स पडत असताना हा कार्यक्रम सुरू झाला, तो कारखान्यांसाठी. अर्धा तास अखंड वाद्यसंगीत, ध्वनिवर्धकावरून थेट यंत्रांवर. संथ चाली वर्ज्य, कारण हात मंदावतात. फार लाडिक सूरही वर्ज्य. टेक्सासवरचे एक अमेरिकन गाणे तर साफ बंद करून टाकले होते, कारण त्यात मध्येच टाळ्या वाजवायची जागा आहे आणि कामगार हातातली अवजारेच यंत्रांवर आपटू लागले. युद्ध संपले, पण कार्यक्रम राहिला, आणि घरोघरच्या बायका त्यावर इस्त्री करू लागल्या. मला यात एक गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर ओव्या म्हणत, तेव्हा गाण्याची लय जात्याच्या फिरण्यातून येई आणि शब्द आपल्या मनातून. सासूला टोमणा मारायचा असला तर तोही त्यात बसे. इथे लय लंडनच्या कचेरीत बसून कोणीतरी ठरवलेली, शब्द तर नाहीतच. काम हलके होई हे खरे. पण बाईने काही म्हणायचे नव्हते, फक्त हात चालवायचे होते.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कुठल्यातरी कारखान्याच्या उपाहारगृहातून ‘वर्कर्स प्लेटाइम’ ऐकू येई. त्यावर वेळ घालवत नाही. मला दुपारचे पावणेदोन गाठायचे आहेत.

पावणेदोनला ‘लिसन विथ मदर’. १९५० च्या जानेवारीत सुरू झालेला हा पाऊण नव्हे, पाव तासाचा कार्यक्रम पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी होता. आरंभी फ्रेंच संगीतकार फोरे याची पियानोवरची अंगाईची धून, मग एक बाई मुलांना विचारी की नीट बसलात ना, आणि मग गोष्ट. त्या देशात आज सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा प्रश्न नुसता आठवून दिला तरी त्याचा चेहरा मऊ होतो म्हणतात. पण खरी हुशारी पाहा ती वेळेची. मूल पावणेदोनला आईच्या मांडीशी बसून गोष्ट ऐकते, दोनला त्याची पापणी जड होते, आणि दोनलाच आईचा कार्यक्रम लागतो. त्या घरातल्या बाईचा दिवस मिनिटामिनिटाने कोणीतरी अभ्यासला होता, एवढे नक्की.

तो दोनचा कार्यक्रम म्हणजे ‘वुमन्स अवर’. ७ ऑक्टोबर १९४६ रोजी त्याचा पहिला भाग झाला. लाइट प्रोग्रॅमचे प्रमुख नॉर्मन कॉलिन्स यांनी तो काढला. पहिल्या दिवशी आईच्या दुपारच्या जेवणाविषयी एक भाषण होते, चेहऱ्याची निगा कशी राखावी यावर दुसरे, आणि एका जुन्या कादंबरीचे क्रमशः वाचन. आणि हा बायकांचा तास चालवायला समोर बसले होते कोण? ॲलन आयव्हिमी नावाचे गृहस्थ! बायकांना बायकांचे विषय समजावून द्यायलाही पुरुषच हवा, असे त्या वेळी कोणाला वावगे वाटले नाही. वाटले ते ऐकणाऱ्या बायकांना. त्यांनी पत्रे लिहिली, वर्तमानपत्रांतही टीका झाली, आणि थोड्याच महिन्यांत त्या खुर्चीवर बाई आली.

ते दिवस कसे होते तेही सांगायला हवे, नाहीतर या कार्यक्रमाची किंमत कळणार नाही. युद्धात ज्या बायकांनी विमानांचे भाग जोडले, बस चालवल्या, त्यांना आता घरी परतायला सांगितले जात होते. घरी परतून करायचे काय, तर रांगेत उभे राहायचे. युद्ध चालू असताना जो पाव कधी रेशनवर आला नव्हता तो युद्ध जिंकल्यावर, १९४६ च्या जुलैत रेशनवर आला आणि दोन वर्षे राहिला. साखर १९५३ पर्यंत, मांस १९५४ च्या जुलैपर्यंत. आपल्यापैकी ज्यांनी रेशनच्या रांगा काढल्या आहेत त्यांना याहून अधिक सांगायला नको. अशा वेळी दुपारी दोनला एक बाई दुसऱ्या बाईशी बोलू लागली. पाककृती होत्या, विणकाम होते. पण हळूहळू त्यात असे विषय आले की जे तोवर डॉक्टरच्या खोलीतही कुजबुजत बोलले जात. बाईची पाळी जाण्याच्या वयातले त्रास, गर्भाशयाचे विकार यांवर तिथे चाळीशीच्या दशकातच उघड बोलणे झाले. त्यावर बीबीसीतल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने चिठ्ठी लिहून तक्रार केली, की भर दुपारी असले काही हवेतून कानांवर येणे फार अवघडल्यासारखे होते. अवघडल्यासारखे कोणाला, भगिनींनो? ज्यांना ते सोसावे लागत नव्हते त्यांना. सुदैवाने विषय बंद पडले नाहीत. आपल्या मंडळात डॉक्टरीणबाईंचे याच विषयावरचे भाषण ठेवले तेव्हा दार लावून घेतले होते, ते मला या ठिकाणी आठवते.

आता मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेला धागा हाती घेते. दिवसभर ऐकणारी बहुतांशी बाई. मग बोलणारी बाई कुठे होती? १९३३ साली बीबीसीने राष्ट्रीय कार्यक्रमावर पहिल्यांदा एक निवेदिका नेमली. तिचे नाव शीला बोरेट. पण छापले गेले आणि सांगितले गेले ते ‘मिसेस जाइल्स बोरेट’, म्हणजे नवऱ्याचे नाव. तक्रारींची पत्रे आली, त्यांत बायकांचीही पुष्कळ होती, आणि काही महिन्यांत तिला त्या कामावरून दूर केले. त्याच्या आधीच्या वर्षी, १९३२ साली, लग्न झालेल्या बाईला नोकरीवर ठेवायचे नाही असा नियमच बीबीसीने केला होता; काही थोड्या जणींना सूट मिळे. तो नियम उठला १९४४ साली. म्हणजे चूल सांभाळणाऱ्या बाईचा दिवस ज्यांनी मिनिटामिनिटाने अभ्यासला, त्यांच्या स्वतःच्या कचेरीत कितीतरी वर्षे चूल सांभाळणारी बाई चालत नव्हती!

आणि इथे मला आपल्या एका मराठी भगिनीचे नाव घेतलेच पाहिजे. वेणू चितळे. कोल्हापूरकडची ही मुलगी तिशीच्या दशकात इंग्लंडला गेली आणि युद्धाच्या वर्षांत बीबीसीच्या हिंदुस्थानसाठीच्या विभागात ध्वनिक्षेपकासमोर बसली. इंग्रजीतून बोलली, मराठीतूनही बोलली. जॉर्ज ऑर्वेल हा लेखक त्याच विभागात १९४१ ते १९४३ काम करीत होता. १९४२ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. एका मेजाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाच्या ऊना मार्सन, मागे उभे ऑर्वेल आणि विल्यम एम्प्सन, आणि त्या सगळ्यांत साडी नेसलेली आपली वेणू. पुढे ती परत आली, आणि १९५० साली पुण्याच्या एका घराण्याच्या तीन पिढ्यांवर ‘इन ट्रान्झिट’ ही तिची इंग्रजी कादंबरी निघाली. एलियट, ऑर्वेल यांची नावे आपल्याकडे कॉलेजात शिकवतात. वेणूचे नाव आज या सभेत कितीजणींनी ऐकले आहे? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

चला, दिवस पुढे नेऊ. चारच्या सुमारास ‘मिसेस डेल्स डायरी’. १९४८ च्या जानेवारीपासून रोज. लंडनजवळच्या उपनगरातल्या डॉक्टरची बायको आपली रोजनिशी वाचते आणि तिथून त्या दिवसाची गोष्ट उलगडते: नवऱ्याची प्रकृती, मुलांची लग्ने, शेजारणींच्या कुरबुरी. विद्वान लोक नाके मुरडत. पण आज दुपारी चुकली तर उद्या सकाळी अकराला पुन्हा ऐकायची सोय होती, यावरून काय ते समजा. आपल्याकडे मुंबई केंद्रावर टेकाडे भाऊजी आणि मीना वहिनी घराघरांत गेले, तशातलाच हा जिव्हाळा. बाई काल्पनिक, पण शेजारीण खरी!

पाच वाजता ‘चिल्ड्रन्स अवर’, शाळेतून आलेल्या मुलांसाठी. आणि पावणेसातला तो कार्यक्रम, ज्यासाठी पानावरचे माणूस घास हातात धरून थांबे: ‘द आर्चर्स’.

हा एक शेतकरी कुटुंबाचा प्रपंच. याच्या जन्माची हकिकत मोठी मजेची आहे. १९४८ साली बर्मिंगहॅमला शेतकऱ्यांची आणि बीबीसीची बैठक झाली. देशात अन्न कमी, लहान शेतकऱ्यांनी नव्या पद्धती शिकाव्यात असे सरकारला वाटे, आणि शेतीवरची व्याख्याने कोणी ऐकेना. तेव्हा एका शेतकऱ्याने सुचवले की डिक बार्टन नावाच्या गुप्तहेराच्या गोष्टींवर जसे लोक तुटून पडतात, तसा शेतकऱ्यांचा एक डिक बार्टन काढा. गॉडफ्रे बेझली यांनी शेतकी खात्याच्या सल्ल्याने गोष्ट रचली. १ जानेवारी १९५१ पासून ती साऱ्या देशात ऐकू येऊ लागली, आणि त्याच वर्षी बिचाऱ्या डिक बार्टनचीच पावणेसातची जागा तिने बळकावली. सासू-सुनेच्या बोलण्यात मध्येच खताचा भाव येई, प्रेमिकांच्या भांडणात गाईंच्या रोगाचा उपाय येई. औषध गुळात घालून द्यावे तसे.

२२ सप्टेंबर १९५५ च्या संध्याकाळी त्यातली ग्रेस, नवी नवरी, तबेल्याला आग लागली तेव्हा घोडा सोडवायला आत गेली, आणि गेलीच. सुमारे दोन कोटी लोकांनी ते ऐकले. बीबीसीचे टेलिफोन रात्रभर वाजत राहिले, लोकांनी फुले पाठवली. त्याच रात्री इंग्लंडात जाहिरातींवर चालणारी दूरचित्रवाणी सुरू झाली होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तिच्यापेक्षा ग्रेसच गाजली. प्रतिस्पर्ध्याच्या शुभारंभावर पाणी ओतायला ही रात्र निवडली, असे त्या वेळेपासून बोलले जाते. पण दुसरी एक बाजू पुष्कळ वर्षांनी बाहेर आली. ग्रेसचे काम करणाऱ्या नटीचे नाव इझॅन चर्चमन. पुरुष नटांइतकाच मोबदला बायकांना द्या, असे तिने मागितले होते आणि त्यासाठी नटांच्या संघटनेकडेही गेली होती. म्हणूनच आपली भूमिका मारली गेली, असे तिने स्वतः सांगितले. २०२४ साली, नव्याण्णवाव्या वर्षी ती वारली. दोन कोटी माणसे ग्रेससाठी रडली, त्यांच्यापैकी इझॅनच्या पगाराविषयी त्या रात्री कोणाला ठाऊक होते?

रात्री नऊला बिग बेनचे टोले आणि पुन्हा बातम्या. त्यानंतर ज्याची त्याची आवड. हसायचे असेल तर १९५१ पासून ‘गून शो’. नुसत्या आवाजांचा धुडगूस, ज्याला शेंडा ना बुडखा. तो लिहिणारा मुख्य माणूस स्पाइक मिलिगन हा आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा! लष्करातल्या शिपायाचा मुलगा; १९१८ साली तिथे जन्मला, पुण्याच्या शाळेत शिकला. आणखी हसायचे तर १९५० साली निघालेला ‘एज्युकेटिंग आर्ची’. यात एक शब्दभ्रमकार आपल्या बाहुलीला बोलके करी. रेडिओवर शब्दभ्रम! ओठ हलतात की नाही ते पाहणार कोण? तरी लाखो लोक मिटक्या मारीत ऐकत. थोरल्या मुलांनी मात्र कोपऱ्यात लक्झेंबर्गचे केंद्र लावलेले असे, कारण तिथे नवी गाणी मिळत.

आणि विद्वान पाहुणा? त्याच्याकडे फार थोडे लोक जात, पण २५ जानेवारी १९५४ च्या रात्री जे गेले त्यांनी डिलन टॉमस या वेल्श कवीची ‘अंडर मिल्क वुड’ ही श्रुतिका पहिल्यांदा ऐकली. एका लहानशा समुद्रकाठच्या गावाची एक रात्र आणि एक दिवस, नुसत्या आवाजांतून. कवी दोन-अडीच महिन्यांपूर्वीच वारला होता. डोळ्यांना काही न दाखवता सबंध गाव उभे करता येते याचा तो नमुना म्हणून आजही ऐकतात.

अकराला लाइट प्रोग्रॅमवर ‘अ बुक ॲट बेडटाइम’, पाव तास कादंबरीचे वाचन. दिवसभरात ठरलेल्या वेळी खलाशांसाठी समुद्राचे हवामानही सांगत. डॉगर, फिशर, डोव्हर अशी सागरविभागांची नावे एका सुरात येत, आणि ज्यांनी जन्मात होडीत पाय ठेवला नाही त्या बायकाही ती नामावळी पाठ म्हणत. मग बंद. कळ फिरवली की काचेवरची गावे विझत.

रविवारचे वेगळे. दुपारच्या जेवणाच्या वेळी ‘टू-वे फॅमिली फेव्हरिट्स’ लागे. जर्मनीत ठाण मांडून असलेले सैनिक आणि इकडे त्यांची घरे एकमेकांसाठी गाणी मागत. लंडनला जीन मेटकाफ, हॅम्बुर्गला क्लिफ मिशेलमोर. दोघांनी एकमेकांना पाहिले नव्हते, फक्त तारेवरून ऐकले होते. १९५० साली त्यांचे लग्न झाले. आवाजावरून स्थळ पसंत करण्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही! या जीनबाईंनी पुढे लग्नानंतर ‘वुमन्स अवर’ही कित्येक वर्षे चालवला. १९४४ साली तो नियम उठला नसता तर ते कठीण होते.

३० सप्टेंबर १९६७ रोजी ही सगळी नावे बदलून रेडिओ वन, टू, थ्री, फोर अशी झाली. गृहिणींची आवड त्याच महिन्यात संपली, डेलबाईंची रोजनिशी १९६९ साली मिटली, मुलांची पावणेदोनची गोष्ट १९८२ साली. ‘आर्चर्स’ चालू आहे. ‘वुमन्स अवर’ही चालू आहे, १९९१ साली त्याची वेळ दुपारची सकाळी नेली तेव्हा बायकांनी मोठा गिल्ला केला, पण कार्यक्रम टिकला.

राहता राहिल्या त्या बातम्या. रेडिओ फोरवर देशाच्या बातम्या पहिल्यांदा एका बाईने वाचल्या त्या १९७४ साली. तिचे नाव शीला ट्रेसी, आणि ते तिचे स्वतःचे नाव होते. १९३३ ची शीला आणि १९७४ ची शीला. मधली वर्षे एक्केचाळीस.

स्वयंपाकघरातून चहाची खूण झाली आहे.